ज्याची खूण त्याने पुसावी

मधला पुन्हा तापला होता.

मधला म्हणजे कुणी माणूस नव्हे. शहराच्या एका टोकाचं बोलणं दुसऱ्या टोकाला पोचवताना वाटेत तीन मोठी नाकी लागत, तीन राउटर. कागदोपत्री त्यांना लांबलचक क्रमांक होते, पण कामाच्या खोलीत ते थोरला, मधला आणि धाकटा. घरोघरी भावांची जी तऱ्हा तीच यांची. थोरला दुखणेकरी, म्हणून त्याला कुणी हात लावत नसे. धाकट्याचा जीवच केवढा! मग सगळा गाडा मधल्याच्या मानेवर. लोकांचे फोन, बँकांचे व्यवहार, शाळांचे धडे, इस्पितळांतली चित्रं, सगळं त्याच्यावरून जायचं, आणि अंगाबाहेर झालं की तो बिचारा हातातलं काहीतरी सोडून द्यायचा. त्याने सोडलेलं म्हणजे कुणाच्या तरी तोंडचं अर्धं वाक्य असायचं.

असं काही वाटेत सांडू नये म्हणून वाटा वळवत बसणं, हे वळणबाईंचं काम. नाव खोलीनेच ठेवलेलं. भरलेलं नाकं टाळून कुठला माल कुठून न्यायचा ते बाई आखून देत, आणि एकदा आखलं की यंत्रं त्या वाटेने निमूट चालत. माणसं तशी चालती तर देवाला अवतार घ्यायचं कारणच उरलं नसतं.

आज सकाळी बाई आल्या त्या थेट इस्पितळातून. खांद्याला दोन पिशव्या. एकीत स्वतःचा डबा, दुसरीत सासूबाईंचा धुवायचा गाऊन. खुर्चीत टेकतात न टेकतात तोच साहेब दारात.

"वळणबाई, मधल्याचं काहीतरी करा हो. इस्पितळवाल्यांचा फोन होता. परगावचा मोठा डॉक्टर पडद्यावर सल्ला देतो आणि ऐन महत्त्वाच्या जागी त्याचं तोंड नुसतंच हलतं. इथल्यांनी काय ओठ वाचायचे?"

"मागच्या आठवड्यात डोंगराकडून वळवलं होतं की."

"ती वाटही भरली. आता आणखी कुठून तरी. तुम्ही आहात म्हणून चाललंय बघा."

तुम्ही आहात म्हणून चाललंय. हे वाक्य बाईंनी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं होतं की त्यात आता कौतुक ऐकू येत नसे. पाठीवर आणखी एक गोणी पडल्याचा आवाज तेवढा येई.

साहेब वळले आणि फोन वाजला. नणंद.

"वहिनी, तू गेलीस आणि आईने पेज परत केली. तोंडच फिरवते. तीन दिवस पोटात काही नाही, आणि उद्या ऑपरेशन. नर्स रागावली मला."

"मऊ बोलून बघितलंस?"

"मऊ बोलून बोलून माझ्या जिभेचं लोणी झालं. आणि हे बघ, ऑपरेशन झाल्यावर तिला उचलायला, कुशीवर वळवायला घरचा भक्कम माणूस हवा म्हणतात. माझी कंबर तुला माहीतच आहे. दादाला..."

"नको."

"तेच म्हणते मी. दादाला नकोच. मग तू रजा काढतेस ना?"

बाईंनी समोरच्या पडद्यावर लाल झालेल्या मधल्याकडे पाहिलं. "बघते."

"आणि सारखी विचारते गं, माझा मुलगा कुठाय म्हणून. आज मी म्हटलं, येईल. काय करू, निघून गेलं तोंडातून."

तर हे घरचं असं होतं. बाईंचा नवरा सुतार. आळीत सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. अख्खं दार एकट्याने खांद्यावर घेऊन जिना चढणारा गडी. तीन वर्षांपूर्वी दुकानात उभ्या उभ्या छातीला हात लावून खाली बसला. हृदयाचं ऑपरेशन झालं, देवाने हात दिला, माणूस घरी आला. डॉक्टरांनी बजावलं, वजन उचलायचं नाही, डोक्याला ताप द्यायचा नाही. तेव्हापासून घरातलं प्रत्येक दुःख मिस्त्रींना वळसा घालून जाऊ लागलं. गळकी मोरी असो, भावकीतलं भांडण असो, सगळं बाईंच्या दारात. आता सासूबाई लेकीकडे न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेही वळवलं होतं. मिस्त्रींना सांगितलं होतं, आई लेकीबरोबर परगावी लग्नाला गेल्या आहेत.

बाईंनी डोळे चोळले आणि कामाला लागल्या.

पडद्यावरचा नकाशा बघवत नव्हता. वळशाला वळसा, त्याला आणखी एक आडवळण. ठिगळ लावून लावून मूळ कापड कुठलं ते कळेना, तसा. कुठल्याही वाटेची मागणी करताना संगणकाला आधी एक ओळ हाताने लिहायची असे: थोरला टाळून. तीन वर्षांत बाईंची बोटं ती ओळ झोपेतही लिहीत. आज मात्र डोक्यात पेज, कूस, उद्याचं ऑपरेशन असं काय काय शिजत होतं, आणि ती ओळ लिहायचीच राहून गेली. मधला टाळून वाट दे, एवढंच त्यांनी मागितलं.

उत्तर आलं: पुरेशी मोकळी वाट नाही.

"नाहीच येणार," त्या पुटपुटल्या, आणि मग ओळ राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं. हात थांबला. थोरल्याला टाळ म्हणून आज सांगितलंच नव्हतं. मग यंत्राने त्याला कुणाच्या सांगण्यावरून टाळलं?

त्यांनी थोरल्याची तब्येत उघडून पाहिली. अंग थंडगार. पंखे सुरळीत. भार म्हणाल तर नावाला. त्याच्या दाराशी राहणाऱ्या चार घरांचं काम तो इमानेइतबारे करत होता, म्हणून कधी कुठे घंटा वाजली नव्हती. पण पलीकडे जाणाऱ्याने आपल्या अंगणातून जाऊ नये, अशी खूण त्याच्या कपाळावर लावलेली होती. मी भरलो आहे, मला टाळा. ही खूण दुरुस्तीच्या वेळी माणसं लावत. खूण दिसली की बाकीची यंत्रं आपणहून दुसऱ्या वाटा धरत. काम झालं की खूण पुसायची.

ही पुसलेली नव्हती.

कुणी लावली, हे बाईंना कुठे शोधावं लागलं नाही. थोरल्याचा पंखा बदलायचा होता. त्यांनीच खूण लावली होती, आणि एंटर दाबून हात मागे घेतात तोच दुकानाशेजारच्या माणसाचा फोन आला होता, ताबडतोब या, मिस्त्री पडलेत. पुढचं त्यांना आठवत होतं ते एवढंच, की जिना उतरताना एका पायात चप्पल नव्हती.

"मास्तर," त्यांनी शेजारच्या टेबलाकडे हाक मारली.

मास्तर म्हणजे खोलीतले सगळ्यांत जुने. कुठलीही गोष्ट दोनदा समजावून सांगत म्हणून मास्तर.

"थोरल्यावर खूण आहे."

"आहे की. आहे ना."

"पंखा बदलून झाला होता?"

"त्याच दिवशी. संध्याकाळच्या आत. मीच उभा होतो शेजारी."

"मग खूण का नाही काढलीत?"

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, खोलीचा नियम. ज्याची खूण त्याने पुसावी. मागे एकाने दुसऱ्याची पुसली, तेव्हा आत माणसाचा हात होता, विसरलात? तुमची खूण आम्ही कशी पुसणार?"

"मला विचारायचं तरी!"

"विचारणारच होतो. तुम्ही महिन्याने आलात, तोंड असं उतरलेलं. म्हटलं, एवढ्यात नको, तिच्या घरचं चाललंय. मग बघतो तर तुम्ही स्वतःच थोरला टाळून वाटा आखताय. म्हटलं, बाईंना काहीतरी ठाऊक असेल."

"मी आले तेव्हा तुम्ही सगळे त्याला टाळत होता! मला वाटलं, त्याचं दुखणं अजून आहे."

"म्हणजे तुम्ही आमच्याकडे बघून," मास्तर सावकाश म्हणाले, "आणि आम्ही तुमच्याकडे बघून." मग त्यांच्या स्वभावाप्रमाणे त्यांनी ते उलटं करून पुन्हा सांगितलं. "आम्ही तुमच्याकडे, आणि तुम्ही आमच्याकडे."

दोघंही हसले. हसण्यासारखं होतंही. पण बाईंचं हसू अर्ध्या वाटेत दमलं आणि तिथेच बसलं.

खूण एका फटक्यात पुसून चालणार नव्हतं. पुसली असती तर पाण्याने उतार पाहावा तसा सगळा लोंढा थोरल्याच्या अंगावर गेला असता, आणि इतकी वर्षं बसलेल्याला एकदम उभं केलं तर भोवळच यायची. बाईंनी जुन्या वाटा आधी पक्क्या बांधून ठेवल्या, मग खूण पुसली, मग एकेक वाट सोडून थोरल्याकडे वळवली. पहिल्यांदा शाळांचे धडे. अडलंच तर पोरं खूश होतील, दुसरं काय. पडद्याकडे बघत राहिल्या. थोरल्याने घेतलं. मग बँका. घेतल्या. जेवायच्या सुट्टीत मास्तरांनी डब्यातली भाकरी पुढे सरकवली तरी बाईंची नजर हलेना. शेवटी इस्पितळाचं बोलणं वळवलं. थोरला जागचा हलला नाही. मधल्याचा लाल रंग पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा.

"नवीन यंत्र आलं की काय?" साहेब धावत आले.

"जुनंच आहे. आपणच त्याला आजारी ठरवलं होतं."

"आपणच म्हणजे कोण?"

"खूण माझी होती, साहेब."

साहेबांनी एकदा हिरव्या मधल्याकडे पाहिलं, एकदा बाईंच्या चेहऱ्याकडे. काय बोलायला आले होते ते गिळलं. "घरी जा आज लवकर," एवढं म्हणाले.

आनंद व्हायला सुद्धा अंगात थोडं बळ लागतं. ते बाईंकडे नव्हतं. पिशव्या खांद्याला अडकवून त्या निघाल्या, आणि रस्ताभर एकच गोष्ट मनात टोचत राहिली. डॉक्टर म्हणाले होते तीन महिने. वजन नको, ताप नको, तीन महिने. नंतरच्या तपासणीत म्हणाले होते, आता हळूहळू कामाला लागू दे. त्या दिवशी परत येताना बाईच मिस्त्रींना म्हणाल्या होत्या, हळूहळू म्हणालेत हं, लगेच नव्हे. ते हळूहळू कधी सुरूच झालं नव्हतं.

मिस्त्री खिडकीशी बसून लाकडी चमचा कोरत होते. वजन नको म्हणून चमचे. घरात माणसं दोन, चमचे डझनावारी. स्वयंपाकघरातला खण बंद होईनासा झाला होता.

"लवकर आलीस."

"हो. तुमच्याशी बोलायचंय. बसा."

"बसलेलाच आहे मी. तीन वर्षं."

बाईंनी पिशव्या खाली ठेवल्या नाहीत. तशाच उभ्या राहून म्हणाल्या, "आई लग्नाला गेलेल्या नाहीत."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"ज्यांच्या घरी लग्न म्हणालात तुम्ही दोघी, त्या घरात ना लग्नाचा मुलगा, ना मुलगी. कुणाचं लावलंत, म्हाताऱ्या-म्हातारीचं? थापा मारायच्या तर नीट तासून माराव्यात गं."

एरवी बाई हसल्या असत्या. त्यांनी सगळं सांगून टाकलं. न्हाणीघर, खुब्याचं हाड, उद्याचं ऑपरेशन, परत आलेली पेज. सांगताना त्यांचे डोळे सवयीने मिस्त्रींच्या छातीकडे गेले.

"छातीकडे काय बघतेस? तोंडाकडे बघ माझ्या."

बाईंनी बघितलं. तोंड पांढरं पडलं होतं, पण ते दुखण्याने नव्हे. रागाने.

"तीन दिवस ती हाका मारत असेल मला."

"मारत होत्या."

"आणि तुम्ही नणंद-भावजयींनी मिळून तिला लग्नाला पाठवलं."

"डॉक्टर म्हणाले होते, वजन नको, डोक्याला ताप नको..."

"तीन महिने म्हणाले होते!"

"हो. तीनच महिने." बाईंचा आवाज खाली गेला. "पण मग तुम्ही का नाही उठलात? माझं चुकलं म्हणा. मी भ्याले होते. पण तुम्ही कधी एका शब्दाने म्हणाला नाहीत, की पुरे झालं."

मिस्त्रींनी चमचा मांडीवर ठेवला. भुसा झटकला. पुन्हा उचलला.

"मला वाटलं, तुला काहीतरी ठाऊक आहे."

"म्हणजे?"

"त्या तपासणीच्या दिवशी मी कपडे घालत होतो, तू बाहेर डॉक्टरांशी बोलत होतीस. मग गाडीत गप्प. घरी आल्यावर पिशवीसुद्धा उचलू देईनास. येणारा-जाणारा माझ्याशी असं बोलणार, जसं दिवा जपून नेतात तसं. म्हटलं, थोडेच दिवस उरलेत आपले. ही सांगत नाही, तर आपणही विचारू नये. बायको म्हणते तसं बसावं, तेवढंच तिला समाधान. म्हटलं, चमचे तरी उरतील घरात."

बाईंच्या खांद्यावरची एक पिशवी आपोआप खाली घसरली.

"अहो, मी बाहेर बिलाचं विचारत होते! आणि गाडीत मला झोप लागली होती."

"झोप?"

"दमले होते हो मी."

खालच्या रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ओढत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"म्हणजे मी मरत नाहीये?"

"सगळेच मरतात," बाई म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं आणि ते कुठून काढायचं तेच आठवत नव्हतं. "तुम्ही आत्ता लगेच नाही."

"मग माझा सदरा कुठाय?"

पुढचं असं झालं. इस्पितळाच्या वाटेवर बाई समजावत होत्या, आज नुसतं भेटा, पेज भरवून बघा, उचलायचं वगैरे उद्या बघू, आधी थोडं थोडं घ्या. मिस्त्री हूं हूं म्हणत पुढे चालले होते, दोन्ही पिशव्या त्यांच्याच हातात. वॉर्डाच्या दारात नणंदेने त्यांना पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"वहिनी! सांगितलंस?"

"तुझ्याशी नंतर बोलतो," मिस्त्री बहिणीला म्हणाले, "लग्न आटोपलं की."

खाटेवर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. इतक्या लहान दिसत होत्या, की देवाने घडी घालून ठेवल्यासारख्या. मिस्त्री खाली वाकले. "आई."

म्हातारीने मान वळवली. बघत राहिली. मग म्हणाली, "वेळ मिळाला का रे?"

"मिळाला. पेज खा."

"नाही खात जा. तीन दिवस कुठे उलथला होतास?"

"खा, नाहीतर गातो."

"मेल्या, इस्पितळ आहे हे."

मिस्त्रींनी खरंच सुरू केलं. देवाचं नाव होतं, म्हणून नर्सने अडवलं नाही, पण सूर ऐकून शेजारच्या खाटेवरच्या बाईने उशी कानावर घेतली. म्हातारीचा उभा जन्म भजनात गेलेला. तिला ते कसं सोसवणार?

"वर जा, वर! तिथे खालचा लावू नकोस. देवाचं नाव घेतोयस की फळी कापतोयस?" आणि ती स्वतः क्षीण आवाजात ती ओळ म्हणून दाखवायला लागली. तोंड उघडं मिळालं तसा मिस्त्रींनी चमचा आत सारला. तिने गिळला, ओळ पुरी केली, आणि दुसरा चमचा घेतला.

बाई दारातून हे पाहत होत्या. तीन दिवस त्यांनी मायेने, हळू आवाजात, पाया पडून विनवलं होतं, आणि एक घास गेला नव्हता. चार शिव्या आणि एक बेसूर ओळ, त्यात अर्धी वाटी संपली. त्यांना बरं वाटलं आणि थोडं लागलंही. दोन्ही खरं.

मग नर्स आली. कूस बदलायची होती. "कोण आहे उचलायला?" बाई सवयीने पुढे झाल्या. मिस्त्रींनी आधीच एक हात आईच्या खांद्याखाली आणि एक कमरेखाली घातला होता, नर्स सांगेल तसा मोडका पाय न हलवता, जुनं दार बिजागरीतून उचलावं इतक्या जपून. बाईंचे डोळे पुन्हा त्यांच्या छातीकडे गेले. श्वास चालला होता. घाम आला नव्हता. त्या मोजत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या.

"बाहेर बस गं जरा," मिस्त्री मान न वळवता म्हणाले. राग अजून गेला नव्हता आवाजातून. जायला दिवस लागणार होते. "तू बघत राहिलीस की हात थरथरतात माझे."

बाहेर लांब बाक होता. बाई बसल्या. आतून भांडं वाजलं, त्या उठल्या. म्हातारी काहीतरी खेकसली, मिस्त्री उलट बोलले. बसल्या. खाट करकरली, त्या पुन्हा उठल्या. नणंद शेजारी येऊन बसली आणि तिने त्यांचा पदर धरून खाली ओढलं.

"दादाला झेपेल ना गं वहिनी?"

"माहीत नाही."

"आणि त्याला काही झालं तर?"

"तर होईल. पण त्याला ठाऊक असताना होईल."

जरा वेळाने नर्स कागद लावलेली फळी घेऊन दारात आली. "आज पेशंटजवळ राहणार कोण?"

मी, असं म्हणायला बाईंचं तोंड उघडलंही होतं. आतून आवाज आला, "मी आहे. लिहा, मुलगा."

नर्सने लिहिलं. नणंद म्हणाली, चल, माझी रिक्षा थांबलीय, तुला सोडते. बाई हो म्हणाल्या आणि उठायला गेल्या. पण आता मागून ढकलणारं काही नव्हतं आणि पुढून ओढणारंही काही नव्हतं, आणि त्यावाचून पाय कसे चालतात ते पायांना आठवेना. त्या पुन्हा टेकल्या.

"तू हो पुढे," त्या म्हणाल्या. "मी बसते जरा."

आत म्हातारी लेकाचा सूर दुरुस्त करत होती. तो काही दुरुस्त होत नव्हता.